अर्ध्या अंगाचा शर्ट

तीर्थरूप अक्का,

तुझ्या धाकट्याचा कमरेत वाकून नमस्कार. (सध्या डावीकडे वाकता येत नाही, म्हणून उजवीकडून वाकलो आहे. नमस्कार तिरका पोचला तर तुझी तू सरळ करून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? चष्म्याचा नंबर वाढला का? भाचीची मुलगी आता पालथी पडायला लागली असेल. तिला माझा पापा सांग, पण लांबून. लांबून का, ते पुढे येईलच. इकडे मी खुशाल आहे. ‘खुशाल’ हा शब्द मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला आहे, हे तुझ्या नजरेतून सुटणार नाही, कारण माझी वाकडी टीप तुझ्या नजरेतून कधी सुटली नाही. तरी आता लिहिलाच आहे तर राहू दे.

पहिलंच सांगून टाकतो, नाहीतर अर्धं पत्र वाचूनच तू पिशवी भरायला घेशील. हे पत्र तुला परत बोलावण्यासाठी नाही. पावणेदोन वर्षांपूर्वी मी काजं करायचं मशीन आणलं, तू तुझी सुईदोऱ्याची डबी उचललीस आणि लेकीकडे निघून गेलीस. बेचाळीस वर्षं या दुकानातलं एकूण एक काज तुझ्या हातचं होतं आणि मशीन आणताना मी तुला साधं विचारलंही नाही, हे तुझं म्हणणं. तुझ्या डोळ्यांना आराम पडावा म्हणून आणलं, हे माझं म्हणणं. त्यावर बोलायचं तेवढं बोलून झालं आहे. (मशीन उत्तम चालतं. मिनिटाला एक काज. हे आपलं जाता जाता.) हे पत्र म्हणजे एक तक्रार आहे. तुझी एक वस्तू अठ्ठावन्न वर्षं माझ्याकडे पडून होती, आणि गेल्या महिन्यात ती जागी झाली. कशी, ते सविस्तर सांगतो. मधे बोलू नकोस.

सुरुवात टाचणीपासून झाली. म्हणजे मला वाटलं टाचणी. एका सोमवारी सकाळी, डाव्या बाजूला काखेच्या खाली चारेक बोटांवर, काहीतरी टोचायला लागलं. शिंप्याला काही टोचलं की तो आधी कपड्याकडे बघतो, अंगाकडे नाही. बनियनच्या शिवणीत टाचणी राहिली असणार, असं म्हणून मी बनियन काढलं, झटकलं, उलटं केलं, मग ती शिवण उसवली. टाचणी नाही. दुसरं घातलं, त्यातही टोचतंय. तेही उसवलं. बुधवारपर्यंत मी स्वतःची तीन चांगली बनियनं उसवून ठेवली होती आणि चौथ्याला हात घातला, तेव्हा लक्षात आलं की मी मघापासून उघडाच बसलो आहे आणि टोचणं चालूच आहे. तोवर टोचण्याच्या जोडीला आगही सुरू झाली होती, आणि नुसता शर्ट घासला तरी जीव कळवळत होता. कातडीवर मात्र एक ठिपकासुद्धा नव्हता. आरशात बघून मी स्वतःलाच म्हटलं, अहो, तुमच्यात काही खोट दिसत नाही.

मग आले शेजारचे इस्त्रीवाले. तुला त्यांचा स्वभाव ठाऊकच आहे. त्यांच्या मते माणसाला होतं ते सगळं म्हणजे सुरकुती, आणि इलाज एकच, शेक. आधी त्यांनी ‘डावी बाजू आहे, हृदय असेल’ असं म्हणून मला पुरतं गारठवलं, मग ‘नाही, नस भरली आहे’ असं म्हणून चार पदरी फडकं गरम करून पाठीला लावलं. मी जो ओरडलो तो समोरच्या चपला दुरुस्त करणाऱ्यालाही ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी त्या जागी लाल चट्टे उठले. मी म्हटलं, तुम्ही मला भाजलंत. ते म्हणाले, तीस वर्षांत एक रुमाल भाजला नाही, तुम्हाला कसा भाजेन? त्यांच्यासाठी तो अब्रूचा प्रश्न झाला आणि अर्धा दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दुपारपर्यंत चट्ट्यांवर पाण्याचे फोड धरले, बारीक बारीक, घोसाघोसाने, मणक्यापासून काखेखालून पुढे एका पट्टीत. ते बघून इस्त्रीवाले अबोला विसरले आणि दोन पावलं मागे सरले. ‘अहो, ही तर नागीण!’ म्हणाले. ‘हिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला.’

मी घाबरलो नाही. मी टेप घेतला.

टेपचं दुसरं टोक पाठीशी धरायला कुणी नव्हतं. (इस्त्रीवाले आता दोन पावलांच्या आत यायला तयार नव्हते.) म्हणून ते टोक ट्रायलच्या आरशाच्या चौकटीत अडकवलं आणि टेप आहे तिथेच ठेवून मीच गोल फिरलो. छाती अडतीस. पट्टी अकरा इंच. म्हणजे तोंड-शेपूट जुळायला सत्तावीस इंच बाकी. कडेला निळ्या खडूने खुणा करून ठेवल्या, पुढे सरकली तर कळावं म्हणून. संध्याकाळी बघतो तर साडेबारा. अर्ध्या दिवसात दीड, दिवसाला तीन, म्हणजे माझ्याकडे जेमतेम साडेआठ दिवस उरले. आणि वकीलसाहेबांचा कोट द्यायचा होता दहाव्या दिवशी! मी लगेच त्यांना निरोप धाडला की कोट उद्याच घेऊन जा. अक्का, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं काम वायद्याच्या आधी दिलं. ते बिचारे इतके हबकले, की दुकान बंद करताय का, असं विचारत धावत आले. त्यांना काय सांगणार, की दुकान नाही, मीच.

शेवटी सगळं सांगितलंच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांनीच मला हाताला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. आपल्याकडे पांढरे कोट शिवून घेतात त्याच बाई. त्यांनी शर्ट वर केला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘हे निळं काय आहे?’ फोडांवर बोलायच्या आधी आमची दहा मिनिटं खडूवर गेली. मग मी अकरा, साडेबारा आणि साडेआठ दिवस हा सगळा प्रकार सांगितला. त्या हसल्या नाहीत, यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. (चेहरा खिडकीकडे फिरवला, खांदे हलत होते, पण आवाज काढला नाही.) मग म्हणाल्या, आधी नुसतं दुखणं, मग लाल चट्टे, मग फोड, आणि सगळं एकाच बाजूला पट्टीसारखं, ही नागीणच, पण ती कुठे जुळायला जात नाही. एका नसेच्या वाटेने येते आणि अंगाच्या मध्यरेषेवर थांबते. मी विचारलं, म्हणजे पुढे कुठपर्यंत? त्यांनी माझ्या बटणपट्टीवर बोट ठेवलं. इथपर्यंत. पलीकडे नाही. आणि अक्का, खरंच तिथेच थांबली, बटणांच्या ओळीला लागून, जणू कुणी शिवणीची रेघ आखून दिली होती. दुखायला लागलं तेव्हाच आला असतात तर बरं, पण फोड येऊन एकच दिवस झालाय म्हणजे वेळेत आलात, असंही म्हणाल्या. चट्टे उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर फार फरक पडतो, लोक ते तीन दिवस शेकण्यात आणि लेप लावण्यात घालवतात. डोळ्याजवळ आली असती तर त्याच तासाला धावायला हवं होतं. गोळ्या दिल्या, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. फोड फोडायचे नाहीत, खाजवायचं नाही, काही चोपडायचं नाही, साध्या पाण्याने धुवायचं, कोरडं करून वर पातळ पट्टी, आणि सैल सुती कपडे घालायचे. मी म्हटलं, बाई, हे तुम्ही मला सांगताय?

इथे एक गोष्ट घडली ती लिहू की नको, असा विचार करत मी मघाशी चहा करून प्यायलो. लिहितो. बाई माझी पाठ तपासायला वाकल्या तेव्हा त्यांच्या कोटाचं दुसरं बटण बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्याचं काज तुझ्या हातचं होतं. आठ वर्षांपूर्वीचा कोट, अगणित धुण्यांतून गेलेला, कापड कडांना विरलेलं, आणि काज जसंच्या तसं. दोऱ्याचा एक पदर सुटलेला नाही. शेवटी तू आडवा टाका दोनदा घेतेस ना, तो आडवा टाकासुद्धा तिथे होता. मला एकदम भरून आलं. बाई घाबरल्या, म्हणाल्या, खूप दुखतंय का? मी म्हटलं, हो. त्यांनी दुखण्याची एक गोळी वाढवून दिली.

मग त्यांनी विचारलं, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? आणि इथे तुझी वस्तू येते. बाई सांगत होत्या की कांजिण्या बऱ्या होतात पण तो विषाणू अंगातून जात नाही, मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी निजून राहतो, वर्षानुवर्षं, आणि मग वय झालं, अंगातली शक्ती कमी पडली की उठतो आणि एका नसेच्या वाटेने बाहेर येतो. मी विचारलं, म्हणजे ही तीच कांजिणी? त्या म्हणाल्या, तीच. आता मला सांग, मला कांजिण्या कुणी दिल्या? तू नऊ वर्षांची होतीस, मी पाच. तुला आधी आल्या, आणि आईने ‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ म्हणून मला तुझ्या अंथरुणात ढकललं. पंधरा दिवस एका खोलीत आपण दोघं. मी खाजवू नये म्हणून तू माझ्या दोन्ही हातांना मोजे बांधलेस, आणि मी रडायला लागलो तेव्हा मोजे सोडून आईचा बटणांचा डबा पुढे ओतलास. म्हणालीस, शंभर बटणं दोऱ्यात ओव, तोवर खाज जाते. मला शंभरपर्यंत मोजता येत नव्हतं, त्यामुळे मी दिवसभर ओवत बसायचो. सुई धरायला मी अशी शिकलो. टाचण्या तोंडात धरायलाही तेव्हाच शिकलो, आणि तू माझं नाव टाचण्या ठेवलंस. म्हणजे अक्का, माझा धंदा, माझं नाव आणि माझा आजार, तिन्ही तुझीच देणगी. बाकी दोन मी वापरली. हे तिसरं मात्र मी मागितलं नव्हतं.

निघता निघता मी बाईंना सहज विचारलं, की ज्याला कांजिण्या होऊन गेल्यात अशा माणसाला माझ्यापासून काही धोका नाही ना? त्या म्हणाल्या, नाही, नागीण एकाची दुसऱ्याला लागत नाही. ज्याला कांजिण्या झालेल्याच नाहीत त्याला फोडांच्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात, म्हणून तान्ह्या मुलांपासून आणि पोटुशी बायकांपासून खपल्या धरेपर्यंत लांब राहा. घरात कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. मग विचारताय कशाला? मी म्हटलं, माहिती असलेली बरी.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नकोस. (विचारलंस तर सांगेन.) ज्याने आयुष्यभर लोकांच्या अंगावर कपडा चढवला त्याला स्वतःच्या अंगावर कपडा सहन होईना. पंख्याचा वारा लागला तरी कुणी जळती काडी ओढल्यासारखं व्हायचं. शेवटी मी स्वतःसाठी एक शर्ट शिवला, अर्ध्या अंगाचा. उजवी बाजू पूर्ण, बाही, खिसा, कॉलर, सगळं व्यवस्थित. डावी बाजू खांद्यापासून खाली नाहीच, नुसती पट्टी दिसायची. तो घालून मी दुकानात गिऱ्हाइकांकडे उजवी बाजू करून बसायचो. कापड हवं असलं तर ते डावीकडच्या फळीवर, म्हणजे मला उलटं, खेकड्यासारखं जावं लागायचं. एका कॉलेजच्या मुलीने मात्र पाहिलंच. घाबरेल असं वाटलं, तर म्हणाली, काका, मस्त आहे, असा मला शिवून द्याल का? मी म्हटलं, आधी साठ पूर्ण कर. इस्त्रीवाले रोज सकाळी दोन पावलांवरून विचारायचे, ‘आज किती?’ आणि मी इंच सांगायचो. सातव्या दिवशी आकडा पुढे सरकेना, तेव्हा ते एक पाऊल जवळ आले.

आणि दर रविवारी भाचीचा फोन. अक्का, तुला वाटतं मला कळत नाही. फोन ती करते, पण प्रश्न मागून येतात. ‘जेवतो का विचार.’ ‘पाणी भरून ठेवतो का विचार.’ ती मला विचारते, आणि मी उत्तर जरा मोठ्याने देतो, म्हणजे तिला परत सांगायचा त्रास नको. पावणेदोन वर्षं आपण दोघं असेच बोलतोय, मधे एक गरीब मुलगी उभी करून. मधेच मी गप्प बसतो, ते काही सुचत नाही म्हणून नाही. ती फोन बाजूला ठेवेल आणि तुझा श्वास ऐकू येईल म्हणून बसतो. त्या रविवारी दुखणं ऐन भरात होतं. मी ‘बरा आहे’ एवढंच म्हटलं, आणि मागून लगेच तुझा आवाज आला, ‘ह्याचा आवाज असा का येतोय?’ भाचीने विचारलं. मी सांगितलं, तोंडात टाचण्या आहेत. तू मागून म्हणालीस, ‘एक दिवस गिळेल मेला.’ फोन ठेवल्यावर मी ते वाक्य दिवसभर आठवत होतो. इतक्या दिवसांत तू मला दिलेली ती पहिली शिवी.

आता खपल्या सगळ्या पडल्या आहेत. पत्र त्यासाठीच थांबवलं होतं. बाईंना विचारलं होतं, कागदावरून तान्ह्या मुलीपर्यंत काही जाईल का? त्या म्हणाल्या, नाही हो, पत्र खुशाल टाका. तरी मी थांबलो. दुखणं मात्र पूर्ण गेलेलं नाही. जखम बरी झाली तरी नस काही दिवस, कधी काही महिने, कुरकुरत राहते म्हणे, आणि त्यासाठी वेगळ्या गोळ्या चालू आहेत. पूर्वीइतकं नाही. सकाळी बरं असतं. दुपारी, तुझं स्टूल ठेवायची जागा आहे ना खिडकीपाशी, तिथे ऊन येतं, त्या वेळेला वाढतं. स्टूल अजून तिथेच आहे. ते हलवलं की कपाट उघडत नाही. (उघडतं. पण हलवलेलं नाही.)

असो. बाकी सर्व ठीक. तू सुखात राहा, नातीत रमून जा, इकडची काळजी करू नकोस. पुन्हा सांगतो, हे पत्र तुला बोलावण्यासाठी नाही. डाव्या बाजूला अंमळ सोसत, पण मनापासून वाकलेला,

तुझा
टाचण्या

ता. क. मुख्य सांगायचं राहिलं. मला मिळाल्या तशा कांजिण्या तुलाही झाल्या होत्या, म्हणजे तो विषाणू तुझ्याकडेही निजलेला आहे. या आजाराची लस असते, पन्नाशीनंतर घेतात. भाचीला सांगून तिथल्या डॉक्टरांना विचार आणि घेऊन टाक. आणि अंगाच्या एकाच बाजूला विनाकारण आग होऊन टोचायला लागलं, तर बनियन उसवत बसू नकोस. त्याच दिवशी जा. मी सोसलं ते तू सोसावंस असं मला वाटत नाही, रागात असतानाही वाटलं नव्हतं.

ता. क. दुसरा. वर मशीन उत्तम चालतं असं लिहिलं आहे. ते चालत नाही. म्हणजे चालतं, पण त्याची काजं तिसऱ्या धुण्याला उसवतात. वकीलसाहेबांनी दोनदा कोट परत आणला. गेलं वर्षभर त्यावर चादर घातलेली आहे आणि चादरीवर माझ्या गोळ्या. तू म्हणाली होतीस, काज म्हणजे कापडाला पाडलेलं भोक नव्हे. बरोबर म्हणाली होतीस. त्या दिवशी तू डबी उचलून निघालीस तेव्हा मी पायडल मारतच राहिलो. मशीनखाली कापड नव्हतं, अक्का. तू दारातून परत बघितलं असतंस तर दिसलं असतं. मला उठता आलं नाही एवढंच.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. त्या अर्ध्या शर्टाला काल डावी बाजू जोडली. आता पूर्ण झाला आहे, अंगावर सहनही होतो. बटणं लावली, त्या आपल्या जुन्या डब्यातली. काजं केलेली नाहीत. त्यांच्या जागी पट्टीवर निळ्या खडूने सहा खुणा करून ठेवल्या आहेत, आणि तोवर टाचण्या लावून घालतो. खडू फार दिवस टिकत नाही, तुला माहीतच आहे.